सही, परवानगी आणि समजावून सांगणं : मराठवाड्यातल्या ‘ऑपरेशन’चा इतिहास

आजचा विषय जरा अवघड आहे, पण नांदेड-लातूरकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात तो कधी ना कधी येऊन गेलेला आहे.

आपल्याकडे एखादी बाई सांगते, ‘माझं ऑपरेशन झालंय’. कशाचं, असं कुणी विचारत नाही. नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते कुटुंब नियोजनाचं, हे सगळ्यांना कळतं. दुसरी सांगते, ‘माझी पिशवी काढली’. तिथंही पुढं प्रश्न नाही. गर्भाशय काढलं, एवढं समजून घ्यायचं. दोन्ही शस्त्रक्रिया शरीर कायमचं बदलतात. पहिलीनंतर मूल होणं थांबतं. ते पुन्हा जोडून घेण्याचं ऑपरेशन असतं, पण अवघड असतं आणि यशाची खात्री नसते. दुसरीनंतर तर परतीचा रस्ताच राहत नाही.

मग अशा ऑपरेशनच्या आधी त्या माणसाला नीट समजावून सांगायला हवं, विचाराला वेळ द्यायला हवा, हे कधीपासून ठरलं? कुणी ठरवलं? आणि ठरलंय तसं होतं का? आज आपण हा इतिहास पाहणार आहोत. यात ‘समजावून सांगणं’ या साध्या गोष्टीची तीन वेगळ्या गोष्टींशी गल्लत होत आलेली दिसते. आधी तिला मन वळवणं समजलं गेलं, मग सही घेणं आणि अलीकडे परवानगी देणं. या तिन्ही गोष्टी म्हणजे समुपदेशन नव्हे, हे आम्हाला आज मांडायचं आहे.

सुरुवात थोडी मागून करू. संततिनियमनाची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. पण तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९४८ला तो मुक्त झाला, १९५६ला मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. आपल्या विभागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला निघालं. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८चं, लातूरचं २००२चं. हे सांगायचं कारण एवढंच, की सरकारी कुटुंब नियोजन खेड्यात पोचलं तेव्हा तिथं प्रश्न विचारता येईल असा डॉक्टर फारसा नव्हता. लोकांना भेटला तो कार्यक्रम घेऊन आलेला सरकारी माणूस.

देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. साठच्या दशकात त्याचा भर शस्त्रक्रियेवर गेला. १९६७पासून मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं उघडली होती. लाल त्रिकोण भिंतींवर रंगवला गेला. याच काळात एक शब्द रुळला, ‘केस’. ग्रामसेवकाला केस आणायची, मास्तरला केस आणायची, तलाठ्याला केस आणायची. ऑपरेशन करून घेणाऱ्याला पैसे मिळत आणि त्याला घेऊन येणाऱ्यालाही. या घेऊन येणाऱ्याला म्हणत ‘प्रेरक’.

आता बघा, प्रेरकाचं काम काय? प्रेरित करायचं. माणूस ‘हो’ म्हणाला तर त्याची केस पूर्ण झाली, ‘नाही’ म्हणाला तर उद्दिष्टात एक कमी. ज्याचा फायदा समोरच्याच्या होकारात आहे, तो तोटे कसे सांगेल? ‘भाऊ, हे कायमचं आहे, घरी जाऊन पुन्हा विचार करा’, असं तो का म्हणेल? ती माणसं वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. व्यवस्थाच अशी बांधली होती, की समजावून सांगणं म्हणजे मन वळवणं एवढाच अर्थ उरला. ही पहिली गल्लत.

ती कुठवर गेली, हे आणीबाणीत दिसलं. जून १९७५ला आणीबाणी लागली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. एप्रिल १९७६मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. केंद्र स्वतः सक्तीचा कायदा करणार नाही, पण एखाद्या राज्याला करायचा असेल तर त्याला अडवणार नाही, असा त्याचा सूर होता. आणि तो कायदा करायला पुढं सरसावलं ते महाराष्ट्र. १९७६ साली आपल्या विधिमंडळानं कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं असलेल्या जोडप्याला नसबंदी सक्तीची, न केल्यास शिक्षा, असा त्याचा गाभा होता. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो कायदा कधी अमलात आला नाही. पण विधिमंडळानं तो मंजूर केला होता, हे विसरून चालणार नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यानं माणसाच्या शरीराविषयीचा निर्णय त्याला न विचारता घ्यायचं कागदावर ठरवलं होतं.

कायदा नसतानाही बरंच काही झालं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, महाराष्ट्रात ८ लाखांहून जास्त. त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. लातूरला छोट्या रेल्वेनं जोडलेलं बार्शी आपल्याला परकं नाही. त्या बार्शीत जानेवारी १९७६च्या मोहिमेत लोकांना रस्त्यावरून उचलून ऑपरेशनला नेल्याच्या हकिकती नोंदवलेल्या आहेत. पुढं न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानं देशभरातल्या सक्तीचा तपशील मांडला. कुणाचा पगार अडवला, कुणाची बढती अडवली, कुणाला पोलिसांचा धाक घातला. यातल्या बऱ्याच लोकांचे अंगठे मात्र कागदावर घेतलेले होते. कागद बघितला तर सगळं ‘संमतीनं’.

१९७७ला सरकार पडलं. ‘कुटुंब नियोजना’चं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं. पण आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा कमी होते. पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडले. नसबंदीची भीती पुरुषांच्या मनात एवढी बसली, आणि राजकारण्यांच्याही, की पुढचा सगळा भार बायकांवर आला. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीची, म्हणजे बिनटाक्याची शिबिरं सुरू झाली. आज देशातल्या दर दहा नसबंदी शस्त्रक्रियांपैकी नऊहून जास्त बायकांच्या असतात. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी आणि कमी जोखमीची. पण आपल्या घरात कुणाचं ऑपरेशन करायचं हा प्रश्न चर्चेला तरी येतो का? समुपदेशनात पहिला मुद्दा खरं म्हणजे हाच असायला हवा.

एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी. ऑपरेशन करून घेणाऱ्या सगळ्या बायकांवर जबरदस्ती झाली, असं नाही. पाळणा थांबावा म्हणून स्वतःहून, कधी सासूचा विरोध पत्करून दवाखान्यात गेलेल्या बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना ते हवं होतं आणि त्याचा त्यांना फायदा झाला. म्हणून प्रश्न ‘ऑपरेशन चांगलं की वाईट’ हा नाहीच. ते कळून, वेळ घेऊन, स्वतःच्या मनानं झालं का, हा आहे.

‘कायमचं’ या शब्दाचं वजन काय असतं, हे लातूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. सरकारी आकड्यानुसार जवळजवळ ८ हजार माणसं गेली. त्यात लहान मुलं किती होती याची कल्पना करा. दोन मुलांवर ऑपरेशन केलेली आई, आणि दोन्ही मुलं एका पहाटेत गेलेली. तिच्या पुढ्यात त्या शब्दाचा अर्थ काय उभा राहतो? २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारला मुलं गमावलेल्या आईबापांसाठी नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत द्यावी लागली होती. भूकंप काही सांगून येत नाही, आणि आधी समजावून सांगितल्यानं दुःख टळतं असंही नाही. पण ‘मूल दगावलं तर काय?’ हा प्रश्न कुणीतरी ऑपरेशनच्या आधी, शांतपणे, तिच्यासमोर ठेवला पाहिजे. हा प्रश्न अपशकुनी वाटतो म्हणून टाळला जातो. समुपदेशन म्हणजे नेमके हे टाळलेले प्रश्न विचारणं.

आता न्यायालयांकडे येऊ. १९९६ला केंद्रानं उद्दिष्टाचे आकडे वरून लादणं अधिकृतपणे थांबवलं. तरी शिबिरं चालूच राहिली. रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००५मध्ये आदेश दिले. प्रशिक्षित डॉक्टरांची यादी ठेवा, ऑपरेशनच्या आधी तपासणी-यादी भरा, संमतीपत्र सगळीकडे एकसारखं ठेवा, गुणवत्ता पाहणाऱ्या समित्या नेमा. त्यानंतर २००६ला केंद्राची सविस्तर मानकं आली. त्यात दोन गोष्टी आहेत, त्या आपल्याकडच्या बायकांना सहसा कुणी सांगत नाही. एक, नसबंदीसाठी नवऱ्याच्या सहीची गरज नाही. दोन, टेबलावर जायच्या आधी कुठल्याही क्षणी ‘नको’ म्हणता येतं, आणि ‘नको’ म्हटलं म्हणून दवाखान्याच्या दुसऱ्या सेवा बंद होत नाहीत. शिवाय बाई कळा देत असताना किंवा गुंगीत असताना घेतलेला होकार हा होकार धरायचा नाही. आता किती ठिकाणी बाळंतपणाच्या धावपळीत, ‘आलीच आहे तर आत्ताच उरकून टाकू’ असं म्हणत कागद पुढं केला जातो, ते तुम्हीच आठवा.

मानकं असतानाही जानेवारी २०१२मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत सुमारे दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं झाली. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि नंतर १३ जणी दगावल्या. दोन तासांत ५३, म्हणजे एकीला सव्वादोन मिनिटं. एवढ्यात काय समजावून सांगणार?

अररियाच्या प्रकरणातून देविका बिस्वास यांची याचिका उभी राहिली. १४ सप्टेंबर २०१६ला न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांच्या पीठानं निकाल दिला. तीन वर्षांत शिबिरं बंद करा, हा आदेश सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. तपासणी-यादी राज्याच्या भाषेत हवी. त्यातला मजकूर आणि ऑपरेशनचे परिणाम त्या व्यक्तीला कळेल अशा भाषेत समजावून सांगायचे. समजावून सांगितलं आणि तिला समजलं, असं डॉक्टरनं लिहून सही करायची. एवढ्यावर भागत नाही, प्रशिक्षित समुपदेशकानंही वेगळं तसंच लिहून द्यायचं. आणि त्यानंतर सुमारे तासभर वेळ द्यायचा, मन बदललं तर बदलता यावं म्हणून.

हा तासभर म्हणजे या सगळ्या इतिहासाचं सार आहे असं आम्हाला वाटतं. १९७६ला कागदावर अंगठा होता, पण हा तास नव्हता.

आणि भाषेचं काय? राज्याची भाषा मराठी. पण आपल्या दोन जिल्ह्यांत कोण काय बोलतं बघा. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू. उदगीर, निलंग्याकडे कानडी. नांदेड शहरात दखनी उर्दू. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरबोली. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी. तिथल्या बाईला ‘स्त्री नसबंदी शस्त्रक्रियेकरिता संमतीपत्र’ हा कागद वाचून दाखवला, तर नियम पाळला गेला का? कागदावर पाळला गेला. तिच्या कानात तो आवाज गेला, अर्थ गेला नाही. सही घेतली म्हणजे समजावून सांगितलं, ही दुसरी गल्लत ती हीच.

आता येऊ पिशवीकडे. वर सांगितलेले सगळे नियम नसबंदीसाठी, आणि मुख्यतः सरकारी व्यवस्थेसाठी घडले. खासगी दवाखान्यातलं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन या चौकटीच्या बाहेर राहिलं. तिथं ना उद्दिष्ट होतं, ना शिबिर, ना प्रेरक. तिथं भीती होती.

बालाघाटचा डोंगरपट्टा बीडपासून लातूरमार्गे नांदेडपर्यंत येतो. कोरडवाहू जमीन, दिवाळीनंतर काम नाही. बीडमधून सगळ्यात जास्त, पण मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागातूनही माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडायला सहा महिने फडात राबायचं. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. कोपीत राहायचं, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अंगावरून जातं, पोटात दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात जाते. ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’, हे वाक्य एकदा कानावर पडलं की पुढचं ठरल्यासारखंच असतं. खाड्याची धास्ती, कर्जाची धास्ती आणि वर कॅन्सरची.

२०१९ला हा विषय वर आला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे साधारण एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. वयोगट वेगळे आहेत, त्यामुळं हे आकडे शेजारी शेजारी ठेवताना जपून राहायला हवं. तरीही फरक लहान नाही. बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली होती आणि बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

यातली काही ऑपरेशनं गरजेची असतील. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, खरोखरचा कॅन्सर, अशा वेळी पिशवी काढल्यानं जीव वाचतो. पण आधी औषधं देता येतात, जंतुसंसर्ग बरा करता येतो, गर्भाशयात बसवायची हार्मोनची साधनं आहेत. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर येतं, हाडं ठिसूळ होतात. हे त्या बाईला कुणी सांगितलं का? नंतर कंबर धरते, थकवा येतो, कामाचा उरक कमी होतो, आणि ज्या कामासाठी हे केलं तेच काम होईनासं होतं.

कायदा गप्प होता का? नव्हता. जानेवारी २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल दिला होता. एका महिलेनं फक्त दुर्बिणीतून तपासणीला होकार दिला होता. ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, सज्ञान व्यक्तीच्या वतीनं दुसऱ्याची संमती चालणार नाही, आणि तपासणीला दिलेला होकार ऑपरेशनला लागू होत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं उदाहरण घ्या. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. किडनी देणारा जवळच्या नात्यातला नसेल, तर त्याला प्राधिकार समितीपुढं जावं लागतं. पैशासाठी देतोय का, दबाव आहे का, हे तपासलं जातं. गरिबी माणसाच्या होकाराला वाकवते हे कायद्याला तिथं कळलं होतं. उसाच्या फडातल्या बाईच्या बाबतीत ते कळायला आणखी २५ वर्षं लागली.

२०१९लाच बीडमध्ये प्रशासनानं नियम केला, की खासगी दवाखान्यात गर्भाशय काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. २०२२ला केंद्रानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आल्या. हे चांगलंच झालं. दवाखान्याला विचारणारं कुणीतरी आहे, एवढ्यानंही फरक पडतो.

पण इथंच तिसरी गल्लत होते. परवानगी म्हणजे समुपदेशन नव्हे. परवानगीत डॉक्टर साहेबांना विचारतो आणि साहेब फाइल बघतात. या सगळ्यात बाई कुठं आहे? जिला खरोखर त्रास आहे, ऑपरेशन हवं आहे, ती कागदासाठी हेलपाटे घालते. जिला नको आहे, तिला कागद झाल्यावरही कुणी विचारत नाही. १९७६ला सरकारनं तिच्यावतीनं ‘हो’ म्हणायचं ठरवलं होतं. आज सरकार तिच्यावतीनं ‘नाही’ म्हणू शकतं. हेतू वेगळा आहे, संरक्षणाचा आहे, हे मान्य. पण दोन्हीकडे ठरवणारा दुसराच. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षण कायद्यातही हा पेच आहे. लिंगबदल शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर समुपदेशनाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी, असं तो कायदा म्हणतो. हे समुपदेशन त्या व्यक्तीला मदत ठरणार की तिची परीक्षा, हे समोर बसणाऱ्या माणसावर अवलंबून आहे.

म्हणून आम्ही समुपदेशनाची साधी कसोटी सुचवतो. सांगणाऱ्याचा होकारात किंवा नकारात फायदा नसावा. सांगणं तिच्या भाषेत असावं. दुसरे उपाय कोणते, हे त्यात यावं. काय परत मिळणार नाही, हे स्पष्ट यावं. आणि विचाराला वेळ मिळावा, तोही खाडा न पडता. हे शेवटचं आरोग्य खात्याच्या हातात नाही, ते मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हातात आहे. आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापले जाणार असतील, तर कितीही चांगला समुपदेशक बसवा, बाई म्हणणार, ‘काढून टाका एकदाची’. मजुरीचा प्रश्न सोडून संमतीचा प्रश्न सुटत नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात उद्या असा प्रसंग आला, तर एवढं नक्की करा. डॉक्टरांना विचारा : हे आत्ताच करायला हवं का? नाही केलं तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? बीजांडकोश ठेवणार का? तपासणीचे कागद मागून घ्या आणि जमलं तर नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. आणि आपल्या आईला, बहिणीला, बायकोला बाजूला घेऊन एकदा विचारा, तुला काय वाटतं? सही करायला तिच्या हातात पेन देण्याच्या आधी विचारा.

प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ राखून ठेवला आहे. दवाखान्यात, आशा म्हणून किंवा परिचारिका म्हणून काम करणारे कुणी ऐकत असतील, तर त्यांनी आधी बोलावं ही विनंती.